पुडी खोटं बोलत न्हाई

अण्णा, दोन महिन्यांपूर्वी मी एका यादीत खोकल्याचं औषध लिहिलं आणि तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही. तुमची आठवण येते असं मी म्हणणार नाही. आठवण येणं वेगळं.

यादी कामाची आहे. हैदराबादच्या ज्या कंपनीत मी नोकरी करते तिथे आम्ही सहा जण मिळून व्यसन सोडवण्याचं एक नवं औषध तयार करतो आहोत. दारूसाठी, आणि अफू-गर्दसारख्या गोष्टींसाठीही. आधी ते काचेच्या भांड्यांत होतं, मग उंदरांत, मग काही निरोगी माणसांत. आता ज्यांना खरोखर व्यसन आहे अशा माणसांना पहिल्यांदा देऊन पाहायचं आहे. औषध चालू असताना त्यांनी दुसरं काय काय घ्यायचं नाही, ती यादी करणं माझ्याकडे आलं. मी पहिल्या ओळीवर लिहिलं, खोकल्याची पातळ औषधं. शेजारच्या टेबलावरचा सहकारी वाकून बघत म्हणाला, "एवढी मोठमोठी औषधं पडली आहेत आणि तुम्ही खोकल्यापासून सुरुवात करता?" मी हो म्हणाले. काही अनुभव आहे का, असं त्यानं विचारलं. मी नाही म्हणाले. ऑफिसात तुमच्याबद्दल कुणाला माहीत नाही. मुलाखतीत वडील काय करायचे असं विचारलं होतं, तेव्हा ते औषधांच्या क्षेत्रात होते असं मी सांगितलं होतं.

औषधांच्या क्षेत्रात म्हणजे कळमनुरीत, बसस्टँडमागच्या एका दवाखान्यात तुम्ही कंपाउंडर होतात. डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस नांदेडहून यायचे. उरलेले चार दिवस तुम्ही त्यांच्या खुर्चीत बसायचात, त्यांचा पांढरा कोट घालून, आणि लोक तुम्हालाच डॉक्टर साहेब म्हणायचे. तुम्ही एकदाही कुणाला दुरुस्त केलं नाही. पण तुमचं खरं नाव झालं होतं ते दवाखान्यात नव्हे, आपल्या स्वयंपाकघरात. आठवडी बाजाराच्या दिवशी बायका मागच्या दारानं यायच्या, भाजीच्या पिशव्या घेऊन, पदर ओढून. दारू सोडायची पुडी न्यायला. आई खलबत्त्यात गोळ्या कुटायची, त्यात पिठीसाखर मिसळायची, आणि मी पुड्या बांधायचे. कागदाचा चौकोन, मधोमध चमच्याच्या टोकावर मावेल एवढी पूड, दोन घड्या आडव्या, एक उभी, टोक आत. नऊ वर्षांची होते तेव्हापासून. माझ्या पुड्या सगळ्या सारख्या व्हायच्या, त्यात सांडलवंड नसायची. "पोरीच्या हातात वजन हाय," असं तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचात. मला ते आवडायचं. हे लिहिणं भाग आहे म्हणून लिहिते.

बायकांना तुम्ही काय सांगायचात ते मला आजही शब्दाला शब्द येतं. "वरणात टाक, न्हाईतर भाकरीच्या पिठात. रोज एक. मालकाला सांगायचं न्हाई, सासूला सांगायचं न्हाई. सांगितलं की पुडी मेली." त्या मान हलवायच्या. घरी जाऊन नवऱ्याच्या ताटात चोरून ती पूड मिसळायच्या, आणि तो संध्याकाळी गुत्त्यावर गेला की त्याचं तोंड लालभडक व्हायचं, छाती धडधडायची, पोटातलं सगळं बाहेर यायचं. त्याला वाटायचं देवीचा कोप झाला. चार वेळा असं झालं की काही जण घाबरून दारू सोडायचे. तुमच्या हाताला गुण आहे असं गावोगाव झालं होतं. ती कारखान्यात तयार झालेली, पाकिटावर नाव छापलेली गोळी होती. तुम्ही फक्त पाकीट चुलीत टाकत होतात.

ती गोळी काय करते हे तुम्हाला कधी कळलं नाही, आता सांगते. पोटात गेलेली दारू शरीर पायरीपायरीनं मोडतं. ही गोळी मधली एक पायरी बंद करते. दारू अर्धवट मोडते आणि तिचं एक विषारी रूप रक्तात साचत जातं. दारूची ओढ तिनं कमी होत नाही, दारू प्यायल्यावर फक्त शिक्षा होते. ज्याला आपण गोळी घेतली आहे हे ठाऊक आहे तो विचार करून दूर राहू शकतो. ज्याला ठाऊकच नाही त्याच्या बाबतीत तो विषप्रयोग असतो. एखाद्याचं हृदय कमकुवत असलं तर तो मरूही शकतो. कुणी मेलं का, मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नव्हतं, कारण जो पुन्हा आला नाही तो बरा झाला, असंच तुम्ही धरायचात.

मी पाचवीत होते त्या वर्षी पावसाळा संपता संपता एक बाई आली. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावरच्या पाटकऱ्याची बायको. पाटकरी म्हणजे पाळीप्रमाणे शेताशेताला पाणी सोडणारा माणूस. तुम्ही नेहमीसारखं विचारलंत, "ज्याला द्यायची तो किती पितो?" ती काही बोलायच्या आत दाराच्या चौकटीखालून वाकून एक उंच माणूस आत आला आणि म्हणाला, "मीच हाय तो." आईचा बत्ता थांबला. मागच्या दारानं पुरुष आलेला आम्ही कधी बघितला नव्हता.

"सायब, मला तोंडावर द्या," तो म्हणाला. "भाकरीत चोरून कशाला? तिला चोरी शिकवू नगा."

"सांगून दिल्यावर कोणी सोडत न्हाई बुवा," तुम्ही म्हणालात.

"मी सोडूनच राहिलो. फकत मन झालं की भ्या वाटाया पाहिजे. पाटाला दार असतंय न्हाई का? दार लावलेलं असलं की पाण्याला समजावत बसावं लागत न्हाई."

पुढे एम. फार्मला या गोळीवर पानंच्या पानं वाचली. तिचा योग्य वापर कसा करावा, हे त्या माणसानं आपल्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सांगितलं त्याहून नेमकं मला कुठे सापडलं नाही. तुम्ही नाइलाजानं पुड्या दिल्यात, आणि तो गेल्यावर मांडी थोपटत हसलात. "दारुड्याला विचारून औषध! उद्या चोराला विचारून कुलूप लावा." आई हसली. मीही हसले.

तो दर बाजारी यायचा. पुड्या घेतल्या की त्यातली एक तिथेच उघडायचा, पाणी मागायचा, तोंडात टाकायचा आणि रिकामा कागद मला परत द्यायचा. "काय मास्तरीण, नीट बांधली ना? न्हाईतर घडी मोजून घेतो बरं." एकदा त्यानं विचारलं, "सायब, हिच्यात हाय तरी काय?" तुम्ही गंभीर चेहऱ्यानं सांगितलंत, गुप्त आहे. तो म्हणाला, "बराबर. माझ्या पोटात जाऊन राहिलं, मलाच गुप्त." तुम्हाला तो आवडत नव्हता. तुमचा सगळा थाट त्या चोरून देण्यावर उभा होता, आणि हा माणूस उजेडात उभा राहून तीन महिने पुडी घेत होता आणि तीन महिने प्यायला नव्हता.

रब्बीच्या पाळ्या सुरू झाल्या. ओल्यात उभं राहून त्याला खोकला झाला. एका बाजारी तो बोलता बोलता इतका खोकला की त्याला पाणीही पिता येईना. त्याच्या मुलीला बघायला त्याच रविवारी पाहुणे येणार होते, डोंगरकडा गावी, त्याच्या भावाच्या घरी. तो म्हणाला, "पाव्हण्यासमोर असा खोकत बसलो तर टीबी हाय म्हणतील." तुम्ही मला म्हणालात, "लाल बाटली दे त्याला." मी फळीवरून दवाखान्यातली खोकल्याची लाल बाटली काढली आणि त्याच्या हातात दिली. दोन झाकणं, दिवसातून तीनदा. हे मी सांगितलं. मला तोपर्यंत सगळ्या बाटल्यांची मापं पाठ होती.

रविवारी दुपारी त्याला जीपमध्ये घालून दवाखान्यात आणलं. डॉक्टरांचा दिवस नव्हता. मी तुमचा डबा घेऊन आले होते, म्हणून मला हे सगळं दिसलं. बाकावर तो आडवा आहे. मान, कान, डोळे लाल. शर्ट घामानं चिकटलेला. श्वास असा चालला आहे की जणू धावत आला. पाहुणे ओसरीवर बसले होते, मुलगी चहा घेऊन बाहेर यायची होती, आणि हा त्यांच्या देखत भडभडून ओकला होता. पाहुणे चहाला न थांबता उठून गेले होते. दारात पंधरा-वीस माणसं जमली आहेत. तुम्ही सलाईन लावता. ते तुम्हाला बरं यायचं.

"किती घेतली?" तुम्ही विचारता.

"न्हाई घेतली."

"देशी का हातभट्टी, तेवढं तरी सांग."

"पोरीची आन सायब, थेंब न्हाई घेतला."

त्याची बायको कोपऱ्यात उभी होती. ती पुढे आली आणि म्हणाली, "पोरीची आन घेऊ नगा. पोरीचं वाटोळं केलं तेवढं पुरं हाय." मग तुमच्याकडे वळून, "सायब, तुमी सांगा. तुमाला ठावं. घेतली का न्हाई?"

तुम्ही सलाईनची नळी बोटानं टिचकी मारून बघितलीत. घाई केली नाहीत. दारातल्या माणसांनाही ऐकू जावं अशा आवाजात म्हणालात, "पुडी खोटं बोलत न्हाई बाई. माणूस बोलतो."

लोक हसले. मागून कुणी तरी म्हणालं, "पाटकऱ्यानं आज सोताचीच पाळी सोडली!" आणखी हसले. तो बाकावरून उठायचा प्रयत्न करत होता, त्याला उठता येत नव्हतं. तुम्ही त्याच्या बायकोला समजावत होतात, सांगून दिलं की असंच होतं, मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो. त्याला कुशीवर वळवताना खिशातून लाल बाटली खाली पडली. मी ती उचलली. झाकण चिकट झालं होतं म्हणून नळाखाली धुतलं, पुसलं आणि फळीवर ठेवून दिली. मी अकरा वर्षांची होते. नीटनेटकी होते.

त्यानंतर काय झालं ते आपल्याला बाजारातून कळत गेलं. ते स्थळ हातचं गेलं. मुलीचं दुसऱ्या वर्षी लांब कुठे तरी झालं, दोन लेकरांच्या बापाशी. कालव्यावर त्याचा शब्द शेवटचा असायचा, आता पाळीवरून भांडण झालं की शेतकरी त्याला आधी तोंडाचा वास दाखव म्हणायचे. हे सांगताना बायका हसायच्या आणि तुम्ही मान डोलवायचात. पण मला आणखी एक गोष्ट आठवते, आणि ती तुम्हाला मी बघितली हे माहीत नसावं. संक्रांतीच्या आधीचे दिवस. तुम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसला आहात, एका हातात लाल बाटली, दुसऱ्या हातात डॉक्टरांचं भिंग. लेबलाच्या तळाला बारीक इंग्रजी ओळ आहे, तिच्यावरून तुमचं बोट एकेक अक्षर सरकतं आहे, ओठ हलत आहेत. बोट एका जागी थांबतं. तुम्ही ती ओळ पहिल्यापासून पुन्हा वाचता. मग बाटली फळीवर ठेवता, लेबल भिंतीकडे करून.

त्याच आठवड्यात तुम्ही मला म्हणालात, "पुडीवाल्यांना आता लाल बाटली द्यायची न्हाई. अडुळशाचा काढा द्यायचा."

"काहून?" मी विचारलं.

"न्हाई म्हणलं ना."

आणि संक्रांत झाल्यावर तो आला. पुढच्या दारानं, ओसरीवर. पुडी मागायला नव्हे. तो तुम्हाला म्हणाला, "सायब, मला काही नगं. तुमी फकत तिला एकदा म्हणा. माझं ऐकत न्हाई ती, तुमचं ऐकंल. म्हणा की न्हाई घेतली त्यानं." तुम्ही वर्तमानपत्राची घडी घालत होतात. "मी कसं म्हणू? मी काय तुझ्या तोंडात बसलो होतो का?" तो उभाच राहिला. मग मला म्हणाला, "पाणी दे मास्तरीण." तो पाणी प्याला आणि गेला. पुढे त्यानं पुन्हा प्यायला सुरुवात केली. मी आठवीत असताना तो पोटात पाणी होऊन गेला. तुम्हाला ते बाजारात कळलं तेव्हा तुम्ही घरी येऊन आईला म्हणालात, "म्हणलो होतो ना, असले सुटत न्हाईत."

तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीला होते. हिंगोली जिल्हा व्हायला अजून काही महिने होते, तुमच्या मृत्यूच्या दाखल्यावर परभणी आहे. तुमच्या मयतीला बायका ट्रॅक्टर करून आल्या होत्या. मी रडले. तेव्हा मला काही माहीत नव्हतं.

कळलं ते नांदेडला, फार्मसीच्या दुसऱ्या वर्षी. एक प्रयोग असतो. औषधाच्या पातळ मिश्रणात दारू म्हणजे अल्कोहोल किती आहे ते काढायचं. मिश्रण उकळायचं, वाफ थंड करून थेंब थेंब गोळा करायची, त्या पाण्यासारख्या द्रवाचं नेमक्या मापाच्या छोट्या बाटलीत वजन करायचं आणि कोष्टकात बघायचं. प्रत्येकाला वेगळा नमुना दिला होता. माझ्या टेबलावर लाल बाटली आली. तीच. मी तिच्या तळाची बारीक ओळ वाचली आणि तरीही प्रयोग पूर्ण केला, कारण लेबलावर विश्वास ठेवायचा नसतो. द्रव गोळा झाला, त्याला वास होता. आकडा आला. मी सगळं धुऊन पुन्हा केलं. तोच आकडा आला. बाईंनी वहीवर बरोबरची खूण केली आणि म्हणाल्या, "दोनदा कशाला केलंस?"

त्या गोळीवर असलेल्या माणसाला एवढी दारू पुरते. दोन झाकणं, दिवसातून तीनदा. त्यानं थेंब घेतला नव्हता. जो घेतला तो आपण दिला होता.

इथपर्यंत तुम्हाला माफी आहे. खरंच आहे. दहावी शिकलेला कंपाउंडर, इंग्रजी अक्षरं जोडून वाचणारा, खोकल्याच्या औषधात दारू असते हे त्याला कसं कळावं? शिकलेल्या डॉक्टरांनाही हे लक्षात राहत नाही. पण त्या दिवशी वसतिगृहाच्या खोलीवर मी ते भिंग आठवलं, मग लेबल भिंतीकडे केलेली बाटली, मग अडुळसा. त्यांचा क्रम लावला. अडुळसा संक्रांतीच्या आधी. तो ओसरीवर आला संक्रांतीनंतर. म्हणजे तो तुमच्यासमोर उभा होता तेव्हा तुम्हाला माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. तेही त्याच्याशी नाही, त्याच्या बायकोशी, आणि ती प्रत्येक बाजारी कळमनुरीत येत होती. तुम्ही वर्तमानपत्राची घडी घालत बसलात. पुडी खोटं बोलत नाही हे तुमचं वाक्य गावभर झालं होतं, लोक ते एकमेकांना ऐकवत होते. ते परत घ्यायचं तर कोट काढून ठेवावा लागला असता. तुम्हाला कोट जास्त जवळचा होता. अज्ञानाला मी काही म्हणत नाही, माझं सगळं काम अज्ञानातच चालतं. मला किळस येते ती त्या घडीची.

आमच्या कंपनीत तुमच्यासारखे पुष्कळ आहेत, फक्त त्यांचे कोट चांगल्या शिवणीचे आहेत. आमचं नवं औषध भयंकर कडू आहे. जिभेवर कण पडला तर संध्याकाळपर्यंत चव जात नाही. कडू औषधावर गोड किंवा बेचव आवरण चढवणं हे माझंच काम. सहा महिन्यांपूर्वी विक्री विभागाचा प्रमुख बैठकीत आला आणि म्हणाला, "याचे थेंब करा. रंग नको, वास नको, चव नको. आपल्याकडे औषध घेणारा कोण असतो? बायको, नाहीतर आई. तिला चहात घालता आलं पाहिजे." सगळ्यांनी मान हलवली. मी म्हणाले, शक्य आहे, पण मी करणार नाही. गोळी राहील आणि कडूच राहील, म्हणजे घेणाऱ्याला कळेल की तो काय घेतो आहे. तो हसला. "मॅडम, तुम्ही औषध करताय की शिक्षा?" मी म्हणाले, "शिक्षा तुम्ही म्हणताय ती आहे. न सांगता दिलेली." मग मी मराठीत काही तरी पुटपुटले, ते त्याला कळलं नाही, ते इथे लिहीत नाही. थेंबांचा विषय तूर्त बाजूला ठेवला आहे. पुन्हा निघेल.

आणि चाचणीच्या कागदांत मी एक नियम घातला. रक्तात किंवा श्वासात दारू सापडली आणि माणूस म्हणाला मी घेतली नाही, तर आधी त्याच्या घरातल्या सगळ्या बाटल्या तपासायच्या, आणि तो जे म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं. वरिष्ठांनी विचारलं, व्यसनी माणसाचं एवढं कशाला मनावर घ्यायचं? नियम कापू नका एवढंच मी म्हणाले. तो आहे अजून.

मग मला वाटलं, कागदावर एवढं करता येतं तर एक वाक्य बोलायला काय हरकत आहे? मागच्या महिन्यात रजा काढून मी सिद्धेश्वरला गेले. पाटकऱ्याची बायको धरणाजवळच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवते. पत्र्याच्या शेडमध्ये मोठ्या पातेल्याशी उभी होती, हातात वल्ह्याएवढं उलथनं. केस पांढरे झाले आहेत. मी कोण ते सांगितलं.

"व्हय का! पुडीवाल्या सायबाची पोरगी. इवलीशी व्हतीस गं माय, पुड्या बांधायचीस. लगीन झालं?"

"नाही."

"काहून?"

"झालं नाही. मावशी, मला तुम्हाला एक सांगायचंय." आणि मी सांगितलं. गोळी, लाल बाटली, त्यातली दारू. सोप्या शब्दांत, क्रमानं. ती पातेलं ढवळत होती. माझं संपलं तेव्हाही ढवळत होती.

"म्हंजे तेनं घेतली नव्हती?"

"नव्हती."

"थेंब बी?"

"औषधातली. ती आमच्याकडूनच गेली होती. मीच हातात दिली होती."

मुलं ताटल्या वाजवत होती. तिनं एकाला ओरडून रांगेत उभं केलं. पदरानं तोंड पुसलं, वाफेनं घामेजलेलं असेल. मग म्हणाली, "सा महिने मी तेच्याशी सबूद बोलले न्हाई. ताट वाढायची, सरकवायची. तेनं रोज म्हणायचं, न्हाई घेतली गं. रोज. मग एक दिस म्हणायचं बंद केलं आन् पिऊनच आला. म्हणला, आता तरी खरी झालीस का तू?"

मी खाली पडलेली एक ताटली उचलून रांगेतल्या मुलाला दिली. 

तिनं उलथनं पातेल्याच्या काठावर ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "तुझ्या बापाला ठावं व्हतं का गं हे?"

मी आठ वर्षं हे वाक्य तयार ठेवलं होतं, अण्णा. भिंग, बाटली, अडुळसा, संक्रांत, सगळं क्रमवार. याचसाठी दिवसभराचा प्रवास करून मी तिथे गेले होते.

"नाही," मी म्हणाले. "त्यांना माहीत नव्हतं."

तिनं मान हलवली. "मंग जाऊ दे. मानसाकून चूक व्हती. देवमाणूस व्हता तो, अजून नाव काढतेत लोक." तिनं एका ताटलीत खिचडी वाढली आणि माझ्या हातात दिली. "खाऊन जा. लांबून आलीस." मी पायरीवर बसून ती सगळी खाल्ली.

तिला आणखी त्रास नको म्हणून मी तसं बोलले, असं इथे लिहिणार होते. लिहून खोडलं. ते खरं नाही. तिच्या तोंडून तुमच्याबद्दल दुसरं काही ऐकायची माझी तयारी नव्हती. मला त्या शेडमधून देवमाणसाची मुलगी म्हणूनच उठायचं होतं.